गॅसचा सिलिंडर परत जातो, मग सुई का नाही?

रविवारची सकाळ आहे. कोणी पोहे परतत असेल, कोणी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघालं असेल, आणि कोणी ‘आज गॅरेज आवरायचंच’ असं गेल्या चार रविवारांसारखं आजही म्हणत असेल. आजचं बोलणं त्या गॅरेजबद्दलच आहे. आणि एका सुईबद्दल.

गेल्या वर्षी माझे सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रीमाँटला आले होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त, हिशेब तोंडपाठ आणि मधुमेह वीस वर्षांचा. रोज इन्सुलिनचं पेन, रोज नवी सुई. येताना औषधांची एक वेगळी बॅग होती. ज्यांच्याकडे आईवडील येतात त्यांना ती बॅग ठाऊक असते. तिच्यात सहा महिन्यांच्या गोळ्या, ‘लागल्या तर’ म्हणून आणखी गोळ्या, आणि ‘तिकडे डॉक्टर महाग’ म्हणून शेजारच्या काकांनी बळेच दिलेल्या अँटिबायोटिकच्या दोन स्ट्रिप.

दादा शिस्तीचे. वापरलेल्या सुया ते दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये टाकायचे. कॅन बराच भरला तेव्हा त्यांनी घट्ट झाकण लावलं आणि प्लास्टिकच आहे म्हणून रिसायकलिंगच्या डब्यात ठेवून दिला. त्यांच्या मते सगळं नीट झालं होतं. मी बघितलं नाही. मी त्या डब्यात कधी डोकावतच नाही, फक्त बुधवारी रात्री तो रस्त्याकडेला नेऊन ठेवते.

गुरुवारी ट्रक आला. डबा वर उचलला गेला, कॅन बाहेर निसटला, रस्त्यावर आपटला आणि झाकण उडालं. ड्रायव्हरने ट्रक थांबवला, खाली उतरला आणि आमची बेल वाजवली. मी बाहेर आले तर आमच्या दारासमोर रस्ताभर सुया. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, दादांनी आणि त्या ड्रायव्हरने, चिमट्याने एकेक सुई उचलली. दादांनी मोजल्या. एकशे चार.

तो माणूस चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला की त्याची बहीण रिसायकलिंगच्या शेडमध्ये पट्ट्यावर उभी राहून कचरा निवडते. हातमोजे असतात, पण सुईला हातमोजा काय आणि कागद काय. ज्याला टोचतं त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेतात, आणि मग हेपेटायटिस, एचआयव्ही अशा तपासण्या कितीतरी महिने चालू राहतात. सुई कोणाची होती हे कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक तपासणी होईपर्यंत माणूस टांगणीला लागलेला.

दादा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, “आपल्याकडे चौऱ्याहत्तर सालापासून गॅस आहे. एकदा तरी सिलिंडर कचऱ्यात टाकला का आपण? रिकामा झाला की ज्याचा आहे तो येऊन घेऊन जातो. मग ज्यांनी ही सुई विकली, त्यांना ती परत द्यायची सोय का नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. गंमत, किंवा खरं तर लाज, अशी की उत्तर आमच्या काउंटीतच होतं. देशभर गाजलेलं होतं. आणि अठरा वर्षं इथे राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

आधी साधी गोष्ट सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती माहीत नसते. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर २००८ पासून घरात वापरलेल्या सुया कचऱ्यात किंवा रिसायकलिंगमध्ये टाकायला कायद्याने मनाई आहे. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर हे २००६ पासून. पातळ रंग, थिनर, कीटकनाशक, स्विमिंग पूलचं क्लोरीन, हेही नाही. मग टाकायचं कुठे? तर काउंटीच्या घातक कचरा केंद्रात. आमच्या अलामीडा काउंटीत अशी चार केंद्रं आहेत: ओकलंड, हेवर्ड, लिव्हरमोर आणि फ्रीमाँट. एका गाडीतून एका फेरीत १५ गॅलन किंवा १२५ पौंड एवढंच नेता येतं. तिथे गेलात तर पांढरे संरक्षक कपडे घातलेली माणसं तुमच्या डिकीतून सामान स्वतः उतरवून घेतात आणि तुम्हाला गाडीतून उतरूही देत नाहीत. पैसे मागत नाहीत. आपण म्हणतो, वा, फुकट!

फुकट काही नसतं. दादांसारखा बँकेतला माणूस घरात असला की बिलं बारकाईने वाचली जातात. २०१४ पासून ह्या केंद्रांसाठी प्रत्येक घरामागे वर्षाला एक फी बसवली गेली, सुरुवातीला साडेनऊ डॉलरच्या आसपास. ती प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात एका ओळीत लपलेली असते. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी थिनरचा डबा विकत घेतला नाही त्या आजीबाईही थिनरच्या विल्हेवाटीचे पैसे भरतात. ज्याने थिनर बनवून नफा कमावला तो मात्र डबा दुकानातून बाहेर पडला की मोकळा. आणि काउंटीच्या हातात काय असतं? डबा कसा बनवायचा, त्यात काय घालायचं, किती मोठा विकायचा, ह्यातलं काहीच नाही. तिचं काम फक्त शेवटी झाडू मारायचं.

ह्यावर तोडगा म्हणून जी कल्पना पुढे आली तिला सरकारी मराठीत ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतात. बोलताना जीभ अडखळते, म्हणून मी दादांचंच नाव वापरते: सिलिंडरचा नियम. ज्याने बनवलं त्यानेच ते परत घेण्याची व्यवस्था करायची आणि खर्चही सोसायचा. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली आपल्या सरकारला दिलेल्या अहवालात ही कल्पना ह्या नावाने मांडली. पुढच्याच वर्षी जर्मनीने ती वेष्टनांना लावली. आपल्याला ह्यात नवीन काय वाटणार म्हणा. ज्यांचं बालपण मुंबईत गेलंय त्यांनी आरेच्या केंद्रावर दुधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या परत देऊनच भरलेल्या घेतल्या आहेत.

अमेरिकेत ह्या नियमाचं सगळ्यात सुरळीत चाललेलं उदाहरण म्हणजे रंग. आपल्या गॅरेजातला तो अर्धा डबा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या घरगुती रंगापैकी साधारण दहा टक्के रंग उरतो, असा इथल्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. ब्रिटिश कोलंबियाने १९९४ मध्येच रंगवाल्यांवर जबाबदारी टाकली होती. अमेरिकेत ऑरेगनने २००९ साली पहिला कायदा केला, कॅलिफोर्नियाने २०१० साली, आणि आपल्या राज्यात प्रत्यक्ष काम ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं. रंग बनवणाऱ्या कंपन्यांच्याच संघटनेने पेंटकेअर नावाची ना-नफा संस्था काढली. दर गॅलनमागे ठरावीक पैसे, सुरुवातीला ७५ सेंट, रंगाच्या किमतीत धरले जातात आणि त्यातून सगळा उरलेला रंग गोळा होतो. गोळा कुठे होतो? तर रंगाच्या दुकानातच. पाण्यातला रंग गाळून, मिसळून पुन्हा रंग म्हणून विकला जातो, तेलाचा रंग बहुतेक जळण म्हणून जातो.

तेव्हा आज गॅरेज आवरणार असाल तर मूळ लेबल असलेले, झाकण बसणारे, न गळणारे डबे बाजूला काढा. बहुतेक दुकानं एका वेळी ५ गॅलनपर्यंत घेतात. जाण्याआधी फोन करा, कारण सगळीच दुकानं ह्यात नाहीत. दिवाळीत पणत्या रंगवून उरलेल्या छोट्या बाटल्यांना हे लागू नाही, कलाकुसरीचे रंग ह्या योजनेत येत नाहीत. हे मी अनुभवाने सांगते, एक पिशवी परत घेऊन आले आहे.

रंगवाले राजी झाले, कारण राज्याराज्यांत वेगवेगळे नियम होण्यापेक्षा आपणच एक पद्धत बसवू हा हिशेब त्यांनी केला. औषधवाल्यांचं तसं झालं नाही, आणि ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

उरलेल्या औषधांचं आपण काय करतो? एक तर ठेवून देतो. बाथरूमच्या कपाटात दात काढल्यानंतरच्या वेदनाशामक गोळ्या तीन वर्षं पडून असतात, आणि घरात एक पंधरा वर्षांचा मुलगा असतो. ह्या देशात वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची सुरुवात पुष्कळदा घरातल्या किंवा मित्राच्या घरातल्या अशाच कपाटातून होते, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. दुसरा मार्ग म्हणजे संडासात टाकून पाणी सोडणं. सांडपाण्याचा प्रकल्प मैला साफ करण्यासाठी असतो, गोळ्यांमधली रसायनं पूर्ण काढण्यासाठी नसतो. जे उरतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत.

अलामीडा काउंटी स्वतःच्या खर्चाने काही ठिकाणी औषधं गोळा करत होती. पैसे पुरेनात. मग जुलै २०१२ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने एक नियम केला: ज्या कंपन्यांची औषधं ह्या काउंटीत विकली जातात, त्यांनी इथल्या रहिवाशांची नको असलेली औषधं गोळा करून नष्ट करण्याची योजना स्वतः चालवावी आणि खर्च स्वतः करावा. आणि एक कलम फार महत्त्वाचं होतं. ह्या खर्चासाठी दुकानात ग्राहकाकडून वेगळी फी घ्यायची नाही, आणि औषध परत देतानाही घ्यायची नाही. अमेरिकेत असा नियम पहिल्यांदाच होत होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औषध उद्योगाच्या तीन मोठ्या राष्ट्रीय संघटना कोर्टात गेल्या. त्यांचा मुद्दा घटनेचा होता. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर अडथळा आणायचा अधिकार एका काउंटीला नाही, आणि इथल्या लोकांचा कचरा उचलायचा खर्च ही काउंटी बाहेरच्या राज्यांतल्या कंपन्यांवर आणि पर्यायाने देशभरच्या ग्राहकांवर टाकते आहे, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, बरं का. टेक्सासमधल्या माणसाने फ्रीमाँटच्या गोळ्या उचलायचे पैसे का द्यावेत?

ऑगस्ट २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. कंपन्या अपिलात गेल्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही तेच सांगितलं. नियम सगळ्या कंपन्यांना सारखाच आहे. कंपनी काउंटीतली असो की बाहेरची, भेदभाव नाही. औषधांची ये-जा कुठेही अडत नाही. आणि काउंटीत दर वर्षी होणाऱ्या औषधविक्रीपुढे ह्या योजनेचा खर्च अगदी किरकोळ आहे. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, आणि नियम कायम झाला.

त्यानंतर रांगच लागली. सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ, सांता क्लारा, मरिन, एकेक काउंटी तसेच नियम करू लागली. प्रत्येक काउंटीत वेगळी योजना चालवणं कंपन्यांनाही जड जाऊ लागलं, आणि २०१८ मध्ये राज्यभरासाठी एकच कायदा झाला. त्यात औषधांबरोबर घरी वापरायच्या सुयाही घेतल्या. दोन्हींसाठी मिळून असा राज्याचा कायदा करणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य. प्रत्यक्षात यायला आणखी तीन-चार वर्षं गेली, पण आज फार्मसीत, काही दवाखान्यांत, पोलीस ठाण्यांत त्या टपालपेटीसारख्या दिसणाऱ्या लोखंडी पेट्या आहेत. सुयांसाठी जाड प्लास्टिकचा डबा मिळतो, भरला की टपाल भरलेल्या खोक्यात घालून परत पाठवायचा. एक पैसा पडत नाही.

दादांसाठी मी तो डबा मागवला. सुया कुठे विकत घेतल्या असं कोणी विचारलं नाही. दादांनी मात्र स्वतःच विचारलं, “म्हणजे पुण्यात घेतलेल्या सुयांचा खर्च इथल्या कंपन्यांच्या खात्यात?” हो, तसंच झालं. टेक्सासच्या माणसाचा जो प्रश्न होता, तो इथे आपल्याच बॅगेतून आला. मला त्यावर फार सुंदर उत्तर नाही. एवढंच म्हणते की सुई कोणाच्या हातात टोचते हे ती कुठे विकली गेली ह्यावर अवलंबून नसतं.

गोळ्यांचंही सांगून टाकते. पेटीत टाकताना नाव-पत्त्याचं लेबल खोडा किंवा काढा. गोळ्या एका पिशवीत एकत्र केल्या तरी चालतात, पातळ औषध मात्र बाटलीतच बंद ठेवा. सुया, थर्मामीटर, दम्याचे फवारे सहसा त्या पेटीत चालत नाहीत, पेटीवर लिहिलेलं वाचा. काकांच्या त्या अँटिबायोटिकच्या दोन स्ट्रिपही त्यातच गेल्या. काकांना कळवलेलं नाही.

आता आक्षेपाकडे येऊ. मी हे आमच्या मंडळात बोलले तेव्हा एका मित्राने लगेच विचारलं, “कंपनी काय स्वतःच्या खिशातून देणार आहे का? किंमत वाढवणार. म्हणजे पैसे आपणच देणार!” बरोबर आहे. बहुतेक वेळा आपणच देणार. पण बघा, आत्ताही आपणच देतो, फक्त टॅक्सच्या बिलातून, वापरा किंवा वापरू नका. किमतीत धरलं तर जो वापरतो तो देतो. आणि जी कंपनी कमी घातक वस्तू बनवेल तिला कमी खर्च यायला हवा. इथे ‘हवा’ म्हणते आहे, कारण प्रत्यक्षात ते नीट होत नाही. सगळ्या कंपन्या एकाच संस्थेत पैसे भरतात, गॅलनमागे सगळ्यांना एकच दर. मग अमुक कंपनीने डबा चांगला बनवला म्हणून तिचं काय वाचतं? काहीच नाही. ह्या व्यवस्थेची ही खरी कमजोरी आहे. तिचे समर्थक ह्याबद्दल फार बोलत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.

आणि लोकांना न सांगता केलं तर काय होतं ते टोरांटो, मिसिसागाकडच्या श्रोत्यांना आठवत असेल. ऑन्टारिओत घरगुती घातक वस्तूंची योजना २००८ पासून होती. १ जुलै २०१० रोजी तिच्यात अनेक नव्या वस्तू घातल्या, आणि नेमका त्याच दिवशी नवा एकत्रित विक्रीकरही लागू झाला. लोकांनी पावती बघितली तर ‘इको फी’ नावाची नवी ओळ. कुठल्या वस्तूवर किती, हे दुकानदारालाच नीट माहीत नाही. एका दुकानात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. लोक भडकले. तीन आठवड्यांच्या आत सरकारने ती वाढवलेली योजना थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये गुंडाळलीच. मूळ हेतू चांगला होता, पण घात केला तो पावतीवरच्या एका ओळीने. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरपासून तिथे नवा नियम आला, त्यात जबाबदारी सरळ उत्पादकांवर आहे. मध्ये अकरा वर्षं गेली.

कॅलिफोर्नियात ही पावतीवरची ओळ अजून आहे. २००५ पासून टीव्ही, लॅपटॉप घेताना आपण रिसायकलिंगची फी देत आलोय. १ जानेवारी २०२६ पासून जिच्यातली बॅटरी सहज काढता येत नाही अशा वस्तूंवरही आहे: इलेक्ट्रिक टूथब्रश, दिवे लागणारे बूट, बोलणारी खेळणी. किमतीच्या दीड टक्का, जास्तीत जास्त १५ डॉलर. मला हा प्रकार सिलिंडरच्या नियमात बसणारा वाटत नाही. पैसे ग्राहक देतो, सरकार गोळा करतं आणि बनवणारा बाजूला उभा राहतो. सुट्या बॅटऱ्यांसाठी मात्र २०२२ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यात उत्पादकांनीच गोळा करायचं आहे आणि ती व्यवस्था २०२७ मध्ये सुरू व्हायची आहे. तोपर्यंत बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा, हे आजच करण्यासारखं आहे. सॅन कार्लोसच्या शोअरवे केंद्रात सप्टेंबर २०१६ मध्ये जी मोठी आग लागली, तिच्यामागे कचऱ्यातून आलेली लिथियम बॅटरी असावी असा संशय होता. फोनची एक बॅटरी, एवढीशी.

कधीकधी परत घेण्यापेक्षा वस्तूच बदलणं सोपं असतं. कॅम्पिंगला नेतो ते एक पौंडाचे प्रोपेनचे छोटे सिलिंडर बघा. एकदा वापरायचे, टाकून द्यायचे, आत थोडा गॅस उरलेलाच असतो आणि कचऱ्यात तो फुटतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की १ जानेवारी २०२८ पासून असे पुन्हा न भरता येणारे सिलिंडर विकायचेच नाहीत. पुन्हा भरून मिळणारे आत्ताही विकत मिळतात. दादांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. आणि व्हरमाँटने २०२३ मध्ये एकेका वस्तूचा वेगळा कायदा करत बसण्याऐवजी घरगुती घातक वस्तूंसाठी मिळून एकच उत्पादक जबाबदारीचा कायदा केला. देशात पहिलाच. छोटंसं राज्य आहे, त्याचं कसं चालतं ह्याकडे बाकीच्यांचं लक्ष आहे.

दादा नोव्हेंबरमध्ये परत गेले. जाताना तो सुयांचा डबा हातात घेऊन बघत होते, तिकडे न्यावा का म्हणून. मी म्हटलं, तिकडे तो परत पाठवणार कुठे?

पुण्यात ह्या लढाईचा एक अध्याय होऊन गेलाय, आणि तो मला दादांनीच सांगितला. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेच्या बायकांना घरोघरच्या कचऱ्यातले वापरलेले सॅनिटरी नॅपकिन हाताने वेगळे करावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी ते गोळा करून पिशव्यांमध्ये भरले आणि बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल, तुम्ही सांभाळा. ह्यापेक्षा सरळ भाषेत उत्पादक जबाबदारी कोणी सांगितली असेल असं मला वाटत नाही. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम आले तेव्हा नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांनी ते गुंडाळून टाकण्यासाठी पाकिटासोबत पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असं त्यांत लिहिलं गेलं. त्याच नियमांत रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया ह्यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटलं होतं आणि तो वेगळा ठेवायला सांगितलं होतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादकांवरची जबाबदारी २०१२ पासून आहे, बॅटऱ्यांसाठी २०२२ च्या नियमांनी आली. सुई मात्र मधेच राहिली. वेगळी ठेवा म्हणतात, पण वेगळी ठेवून द्यायची कोणाला?

दादा आता सुया तेलाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवतात. वर लाल अक्षरांत मराठीत लिहिलंय: ‘सुया आहेत. हात लावू नये.’ कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना त्यांनी तो डबा दाखवला आणि बजावलं की हा मी तुम्हाला देणार नाही. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कचऱ्याबरोबर तो जाईल अशी सोय त्यांनी लावली आहे. ती ओळखीची सोय. सगळ्यांची ओळख नसते.

शिवाय त्यांनी इन्सुलिनची पेनं आणि सुया बनवणाऱ्या कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला एक पत्र लिहिलंय. बँकेतल्या पद्धतीने: विषय, संदर्भ, मुद्दा एक, मुद्दा दोन. कॅलिफोर्नियात अशी व्यवस्था आहे, सोबत खोक्याचा फोटो जोडला आहे, इथल्या ग्राहकांसाठी आपण काय करता ते कळवावे. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती आली. त्याला आता अडीच महिने झाले. दर रविवारी फोन केला की मी विचारायच्या आत तेच सांगतात, “उत्तर नाही अजून. पुढच्या सोमवारी स्मरणपत्र टाकतोय.”